भांडायचंच तर सर्वनामावरून भांडा

सामना संपून दहा मिनिटंही झालेली नसतात. जादा वेळेच्या अखेरीस गोल खाऊन राष्ट्रीय संघ स्पर्धेबाहेर गेलेला असतो. कुणीतरी रागानं, डोळ्यांत पाणी असताना, घाईघाईत लिहितं : आपला डावा बचावपटू प्रत्येक चढाईला पुढे धावतो, त्याच्यामागची मोकळी जागा भरायला मधल्या फळीतलं कुणी मागे येत नाही, आणि हे पहिल्या सामन्यापासून दिसत होतं. मुद्दा बिनतोड असतो. पण घाईत ‘मोकळी’ची वेलांटी ऱ्हस्व पडलेली असते. पहिलं उत्तर येतं ते त्या वेलांटीवर. दुसरं उत्तर पहिल्या उत्तरातली चूक काढतं. तिसरा विचारतो, ‘टीम हरला’ कसं म्हणता, टीम स्त्रीलिंगी आहे. मग संघ, टीम, चमू यांची लिंगं निघतात, एकमेकांच्या शाळा निघतात, आणि अर्ध्या तासानं पाहावं तर डाव्या बाजूच्या त्या मोकळ्या जागेबद्दल कुणीच बोलत नसतं.

हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्याची सवय व्हायला हवी होती. झालेली नाही. अशा दुरुस्त्या मी स्वतःही केल्या आहेत, आणि त्या करताना मनात भाषेचं प्रेम होतं असं प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. समोरच्याचा मुद्दा खोडता येत नव्हता म्हणून त्याची वेलांटी खोडली, इतकंच.

तरीही व्याकरणावरून भांडूच नये, असं मी म्हणणार नाही. फुटबॉलच्या चर्चेत व्याकरण फार मोठं काम करत असतं. कुणाला आपलं म्हणायचं, कुणाला परकं, दोष कुणाच्या माथी मारायचा आणि श्रेय कुणाला द्यायचं, हे सगळं वाक्याच्या रचनेत ठरतं. आपण भांडतो ते मात्र नको त्या जागी.

आधी नेहमीची भांडणं पाहू. इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये एका छोट्या क्रियापदावरून कायम वाद असतो. ब्रिटनमध्ये संघाबद्दल बोलताना ‘इंग्लंड आर’ म्हणतात, अमेरिकेत ‘इंग्लंड इज’. अमेरिकन कानाला पहिलं अशुद्ध वाटतं, ब्रिटिश कानाला दुसरं परकं. खरं तर दोघांपैकी कुणीच चुकत नाही. ब्रिटिश वापरात ‘इंग्लंड’पुढे एकवचनी क्रियापद आलं की डोळ्यांसमोर देश उभा राहतो, अनेकवचनी आलं की अकरा माणसं. मला तर ही फार सुंदर सोय वाटते. देश पावसात भिजतो ते एकवचनात, आणि संघ पेनल्टी मारायला घाबरतो ते अनेकवचनात.

मराठीत वचनाचा हा पेच नाही, लिंगाचा आहे. ‘जर्मनी हरली’ की ‘जर्मनी हरला’? शब्द ईकारान्त म्हणून एक जण स्त्रीलिंग धरतो. दुसऱ्याच्या मनात ‘जर्मनीचा संघ’ असतो, म्हणून त्याच्या तोंडून ‘हरला’ जातं. ‘इंग्लंड हरलं’ म्हणणारे आहेत, ‘इंग्लंड हरला’ म्हणणारेही आहेत. एकाचं लक्ष शब्दाच्या रूपाकडे असतं, दुसऱ्याचं मनातल्या अर्थाकडे. वर्तमानपत्रांतल्या क्रीडापानांनी यातून साधी वाट काढली : ‘जर्मनीनं सामना जिंकला’ असं लिहायचं. क्रियापद सामन्याच्या लिंगामागे जातं आणि जर्मनीचं लिंग विचारायची वेळच येत नाही. या वादातून शिकण्यासारखं बरंच आहे. सामना हरल्यावर शिव्या देत घातला, तर मात्र त्यातून काहीच शिकता येत नाही.

‘सॉकर’ या शब्दावरून होणारी चिडवाचिडवी तर सोडूनच द्यावी. हा शब्द अमेरिकनांनी खेळाचा अपमान करायला काढला असं अनेकांना मनापासून वाटतं. तो जन्मला इंग्लंडमध्ये. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झालं, त्या ‘असोसिएशन’चा तुकडा तोडून त्याला ‘अर’ लावायची लकब ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांची. पुढे कित्येक दशकं खुद्द ब्रिटनमध्ये दोन्ही शब्द सुखानं नांदले. ज्या शब्दाला आपण परका ठरवतो तो घरचाच निघतो, असं भाषेत वारंवार होतं.

ही भांडणं पराभवाच्या रात्रीच का पेटतात, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माझ्या मते त्याचं कारण दुःखात आहे. राष्ट्रीय संघाचा पराभव हे विचित्र दुःख असतं. ते खरं असतं, पण त्यावर आपल्या हातात काहीच नसतं. आपण संघ निवडलेला नसतो, बदली खेळाडू कधी उतरवायचा हे ठरवलेलं नसतं, आपण मैदानावर पाऊलही ठेवलेलं नसतं. चार वर्षांनी येणारी स्पर्धा नव्वद मिनिटांत संपते आणि उरतो तो नुसता राग. अशा वेळी समोरच्याच्या वाक्यातली चूक ही एकच गोष्ट अशी असते, जी आपण त्या रात्री दुरुस्त करू शकतो. बचावफळी दुरुस्त होत नाही, वेलांटी होते. माणसाला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि ते मी समजू शकतो.

पण त्याची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो. फुटबॉल कळायला लेखणी लागत नाही. खेळ उत्तम वाचणारी, म्हणजे चेंडू येण्याआधी पास कुठे जाणार हे सांगू शकणारी माणसं बऱ्याचदा अशी असतात, ज्यांचा लिहिण्याशी संबंध शाळेबरोबर सुटला. घरची बोली वेगळी असलेली, दुसऱ्या भाषेत शिकलेली, वाचायला वेळच न मिळालेली ही माणसं चर्चेत येतात ती खेळाच्या प्रेमानं. त्यांच्यापैकी एकाचं ‘आणि’ जेव्हा ‘आनि’ असं उमटतं तेव्हा त्याला काय ऐकावं लागतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तो एकदा ऐकून घेतो, दुसऱ्यांदा दोन ओळींतच आटपतो, तिसऱ्यांदा येत नाही. मग चर्चेत उरतात ती शुद्ध लिहिणारी माणसं, आणि त्यांच्यातल्या कितीजणांना डाव्या बाजूची मोकळी जागा दिसली होती, याची मला शंका आहे.

खुद्द प्रशिक्षकही यातून सुटत नाहीत. इटालियन फाबिओ कॅपेलो इंग्लंडचा प्रशिक्षक होता तेव्हा त्याच्या मोडक्या इंग्रजीवर पत्रकारांनी सतत टीका केली. २०११ मध्ये त्यानं सांगितलं होतं की अर्थव्यवस्थेवर बोलायला आपल्याला जमणार नाही, पण खेळाडूंशी डावपेचांवर बोलायला जास्तीत जास्त शंभर शब्द पुरतात. त्यावर हसणारे पुष्कळ निघाले. मला ते वाक्य फार खरं वाटलं. ‘आत ये’, ‘रेषा सोडू नकोस’, ‘पाठ झाक’ – मैदानावरची भाषा अशीच असते. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीनं इंग्लंडला ४–१ असं हरवलं. त्या गोलांमध्ये बचावाची रेषा कशी उघडी पडली, यावर कितीतरी बोलता आलं असतं. कॅपेलोच्या शब्दसंग्रहावर बोलणं सोपं होतं.

आणि ज्या नियमांच्या जोरावर आपण समोरच्याला गप्प करतो, ते नियम तरी कायमचे कुठे असतात? मराठीत ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार एके काळी शुद्ध होते. १९६२ च्या नियमांनी ते गेले. त्या आधी शिकलेल्या माणसानं ते अनुस्वार दिले तर तो अडाणी ठरत नाही. फुटबॉलमध्येही १९२५ पर्यंत ऑफसाइड (म्हणजे पास येताना नियमाबाहेर पुढे असणं) टाळायला खेळाडू आणि समोरची गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी असावे लागत, मग दोन पुरेसे झाले. गोलरक्षकाला सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम दिलेला चेंडू हातात घ्यायला १९९२ पर्यंत मुभा होती. दोन्हीकडे नियम हा माणसांनी एकत्र बसून केलेला करार असतो. करार पाळावा, हे मलाही मान्य आहे. पण कराराचा उपयोग खेळ नीट चालावा म्हणून असतो, कुणाला मैदानाबाहेर काढण्यासाठी नसतो.

आता ज्या व्याकरणावरून भांडायला हवं त्याकडे येतो. सुरुवात सर्वनामापासून.

१९७६ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला खेळ अमेरिकन फुटबॉल होता, आपला नव्हे, पण चाहते सगळीकडे सारखेच. विद्यापीठाचा संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. मग विद्यार्थ्यांना फोन करून सामन्यांबद्दल विचारलं गेलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल सांगताना त्यांच्या तोंडी ‘आम्ही’ जास्त वेळा आलं, हरलेल्या सामन्याबद्दल सांगताना ते कमी झालं आणि ‘ते’ पुढे आलं. आम्ही जिंकलो, ते हरले. ही व्याकरणाची चूक आहे का? कुठल्याही पुस्तकाप्रमाणे नाही. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. तरी त्यांच्यामध्ये काहीतरी फार चुकलेलं आहे.

या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा नशीबवान आहे. इंग्रजीत एकच ‘वी’. आपल्याकडे दोन आहेत : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. ‘आम्ही हरलो’ असं दुसऱ्या संघाच्या चाहत्याला सांगतात. ‘आपण हरलो’ असं शेजारी बसलेल्या माणसाला. हा फरक आपण लहानपणी न शिकवता शिकतो आणि तो जवळजवळ कधीच चुकत नाही. म्हणूनच राष्ट्रीय संघाबद्दल बोलताना कुणी कुणाला ‘आपण’मध्ये धरलं आणि कुणासाठी ‘आम्ही’ राखून ठेवलं, हे बारकाईनं ऐकायला हवं. चर्चेत वेगळ्या आडनावाचा, वेगळ्या वर्णाचा, दुसऱ्या देशातून आलेल्या घरातला चाहता असतो आणि त्याला उद्देशून कुणीतरी म्हणतं, ‘आम्ही या पराभवानं किती दुखावलो आहोत हे तुम्हाला नाही कळायचं.’ एकही वेलांटी न चुकता त्या माणसाला राष्ट्राबाहेर काढलेलं असतं.

मैदानावरच्या माणसांना तर हे रोज भोगावं लागतं. मेसुत ओझिल जर्मनीत जन्मला, जर्मनीसाठी ९२ सामने खेळला, २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. २०१८ च्या विश्वचषकात जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडली आणि त्या जुलैमध्ये त्यानं राष्ट्रीय संघ सोडला. सोडताना जर्मन फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांच्या वागण्याबद्दल त्यानं लिहिलं की आपण जिंकलो की मी जर्मन असतो, हरलो की स्थलांतरित. स्पर्धेआधी तुर्कीच्या अध्यक्षांबरोबर त्यानं काढलेल्या फोटोवर टीका झाली होती. त्या फोटोवर टीका करायला हरकत नव्हती, मीही ती केली असती. पण फोटोचा निषेध करणं वेगळं आणि माणसाला ‘आपण’मधून काढणं वेगळं. आणि एक बारीक गोष्ट पाहा : त्या वाक्यात ‘जिंकलो’ आणि ‘हरलो’ ही दोन्ही क्रियापदं प्रथमपुरुषी अनेकवचनी आहेत. ज्यानं संघ सोडला त्यानंही शेवटपर्यंत संघाला ‘आपण’च म्हटलं.

त्याच वर्षी बेल्जियमच्या रोमेलू लुकाकूनं विशेषणाबद्दल लिहिलं. सगळं नीट चाललेलं असताना वर्तमानपत्रं त्याला ‘बेल्जियन आघाडीवीर’ म्हणत, बिनसलं की ‘काँगोलीज वंशाचा बेल्जियन आघाडीवीर’. लुकाकू अँटवर्पमध्ये जन्मला आणि बेल्जियमसाठी सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर आहेत. ‘काँगोलीज वंशाचा’ हे खोटं नाही, त्याचे आईवडील काँगोमधून आले. पण खरं विशेषणही कधी लावायचं आणि कधी नाही, यातून खोटं बोलता येतं. वृत्तपत्राच्या मुद्रितशोधकानं असली बातमी वाचली असती तर त्याला दुरुस्तीची एकही खूण करावी लागली नसती. माझ्या मते तिथे लाल शाईची सगळ्यात जास्त गरज होती.

गाळलेल्या विशेषणाचीही गोष्ट आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये पोर्तुगालच्या रोनाल्डोनं आयर्लंडविरुद्ध दोन गोल करून इराणच्या अली दाईचा १०९ गोलांचा विक्रम मोडला आणि जगभर म्हटलं गेलं की आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये सर्वाधिक गोल आता त्याचे. कॅनडाच्या क्रिस्टिन सिंक्लेअरनं त्याच्या दीड वर्षाहून अधिक आधी, जानेवारी २०२० मध्ये, अमेरिकेच्या अ‍ॅबी वॉम्बाकचा १८४ गोलांचा विक्रम मागे टाकला होता. ‘पुरुषांच्या’ एवढा एक शब्द घातला असता तर वाक्य खरं झालं असतं. आपण ‘महिला संघ’ म्हणतो, ‘पुरुष संघ’ म्हणत नाही; नुसता ‘राष्ट्रीय संघ’ म्हटलं की पुरुषच. या गळतीवर कुणी बोट ठेवलं की त्याला शब्दांचा कीस काढणारा म्हणतात. हाच माणूस वेलांटीवर बोलला असता तर त्याला भाषाप्रेमी म्हटलं असतं.

शब्दयोगी अव्ययासारखी क्षुल्लक दिसणारी गोष्टही किती जड असू शकते, हे युक्रेनच्या चाहत्यांना विचारावं. रशियन भाषेत ‘युक्रेनमध्ये’ म्हणायला दोन रूपं आहेत. ‘ना’ हे अव्यय बेटांना आणि काही प्रदेशांना लागतं, ‘व’ हे देशांना. आपण बेटावर म्हणतो आणि देशात म्हणतो, साधारण तसंच. ‘ना’ची सवय जुनी आहे, आणि तिच्यात युक्रेन हा कुणाचा तरी प्रदेश आहे असा वास येतो. १९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाला ‘व’ हवं आहे. इंग्रजीत हेच भांडण ‘द’ या उपपदावरून होतं : ‘द युक्रेन’ म्हटलं की प्रदेश, नुसतं ‘युक्रेन’ म्हटलं की राष्ट्र. पोलिश भाषेतही ‘ना’ रुळलेलं आहे. युक्रेन आणि पोलंड यांनी मिळून २०१२ ची युरो, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा भरवली, कीव्हमध्ये युक्रेनच्या शेवचेंकोनं दोन गोल करून स्वीडनला हरवलं, तेव्हाही पोलिश माणूस सहजपणे जुनंच अव्यय वापरत होता, मनात काही वाईट नसताना. २०२२ मध्ये, युद्ध पेटल्यावर, पोलंडच्या भाषा परिषदेनं देशाला साजेसं रूप वापरण्याची शिफारस केली. सामन्याचं वर्णन करणाऱ्याला एखाद्या युक्रेनियन चाहत्यानं ‘द’ काढायला सांगितलं, तर ती दुरुस्ती मी टोकाटोकी मानणार नाही. ती त्याच्या देशाची मागणी आहे.

नावांचंही तसंच. खेळाडूचं नाव नीट म्हणा, असं कुणी सांगितलं तर ते ऐकावं. नाव त्या माणसाचं आहे, आपलं नाही. देशाचं नावही त्याच न्यायानं. कोत दिव्हारनं १९८० च्या दशकातच आपलं नाव ‘आयव्हरी कोस्ट’ असं भाषांतरित करू नका असं जगाला सांगितलं होतं. ही दुरुस्ती समोरच्याला खाली पाडण्यासाठी नसते, तिसऱ्या कुणाला तरी त्याचं हक्काचं देण्यासाठी असते. चांगली आणि वाईट दुरुस्ती ओळखायला मला हा फरक पुरतो.

कधी कधी प्रामाणिक माणसांनाही उत्तर सापडत नाही. उरुग्वेचा एडिन्सन कावानी मँचेस्टर युनायटेडकडून खेळत असताना नोव्हेंबर २०२० मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध दोन गोल करून त्यानं सामना फिरवला. मित्रानं अभिनंदन केलं, त्याला कावानीनं स्पॅनिशमध्ये आभार मानताना ‘नेग्रितो’, शब्दशः ‘छोटा काळा’, म्हटलं. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं त्याला तीन सामन्यांची बंदी आणि एक लाख पौंडांचा दंड केला. उरुग्वेची राष्ट्रीय भाषा अकादमी त्याच्या बाजूनं उभी राहिली : शब्दाच्या शेवटचा ‘इतो’ हा लाडाचा प्रत्यय आहे आणि त्यांच्याकडे जवळच्या माणसाला असं म्हणतात. मला अकादमीचं म्हणणं भाषेपुरतं पटतं. पण हेही पटतं की तो शब्द ज्यांच्या कानावर चाबकासारखा पडत आला आहे त्यांनी प्रत्ययाचा अभ्यास करून मगच दुखावलं जावं, अशी अपेक्षा धरता येत नाही. त्या दिवसांत एका प्रत्ययावर दोन खंडांतले लोक भांडले आणि दोन्हीकडच्यांना काहीतरी नवं कळलं. व्याकरणावरचं भांडण असं असावं.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो कर्त्याच्या जागी. १९९४ च्या विश्वचषकाची अंतिम लढत आठवा. पासाडेनात ब्राझील आणि इटली, १२० मिनिटं गोल नाही, मग शूटआउट, म्हणजे दोन्ही संघांच्या आळीपाळीनं पाच-पाच पेनल्टी. त्या सामन्याबद्दल कुणालाही विचारा, एकच वाक्य मिळेल : बॅजिओनं पेनल्टी घालवली. हे खरं आहे, चेंडू गोलवरून गेला. पण इटलीची पहिली पेनल्टी बारेसीनं वरून मारली होती. चौथी, मसारोची, ब्राझीलच्या तफारेलनं अडवली. बॅजिओ पाचवा होता, आणि त्यानं गोल केला असता तरी ब्राझीलची शेवटची पेनल्टी शिल्लक होती. ती आत गेली असती तर सामना तिथेच संपला असता. शिवाय इटली अंतिम फेरीत आली कुणामुळे? नायजेरियाविरुद्ध दोन, स्पेनविरुद्ध एक, बल्गेरियाविरुद्ध दोन, असे बाद फेरीतले पाच गोल एकट्या बॅजिओचे. त्या विजयांच्या वाक्यांत कर्ता ‘इटली’ असतो. पराभवाच्या वाक्यात कर्ता ‘बॅजिओ’ होतो.

मराठीत तर हे एका अक्षरावर ठरतं. ‘पेनल्टी हुकली’ आणि ‘त्यानं पेनल्टी हुकवली’. पहिल्या वाक्यात एक घटना घडते, दुसऱ्यात एक माणूस गुन्हा करतो. ‘आपण गोल खाल्ला’ आणि ‘त्यानं गोल खाऊ घातला’ यांतही तेच. खेळाडूंवर टीका करू नये असं मी म्हणत नाही. डाव्या बाजूची जागा मोकळी सोडणाऱ्या बचावपटूचं नाव घ्यावंच लागेल. पण त्याचं नाव घेताना ती जागा भरायला न आलेल्याचंही घ्यावं, आणि त्या दोघांना तसं खेळायला सांगणाऱ्याचंही. कर्ता शोधायला खेळ पाहावा लागतो. वेलांटी शोधायला तो पाहावा लागत नाही, म्हणून ती आधी सापडते.

यावर भाषा जपणारे लोक विचारतील : मग काय, कसंही लिहायचं? शुद्धलेखनाला काहीच अर्थ नाही? आहे. खेळाचे नियमच घ्या. ते ठरवणाऱ्या मंडळानं २०१६ मध्ये संपूर्ण नियमावली नव्यानं लिहिली आणि सुमारे २२ हजार शब्दांचा मजकूर सुमारे १२ हजारांवर आणला. नियमांची भाषांतरं अनेक आहेत, पण मतभेद झाला तर इंग्रजी पाठ अंतिम. ‘हात’ म्हणजे कुठून कुठपर्यंत हे २०२० मध्ये काखेच्या खालच्या टोकाला रेषा धरून लिहावं लागलं, कारण आधीच्या शब्दांनी पंच, खेळाडू आणि प्रेक्षक तिघांचेही वाद मिटत नव्हते. तिथे एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर गोल रद्द होतो. तिथे काटेकोरपणा हवाच. बातमी लिहिणाऱ्याकडूनही मला शुद्ध भाषा हवी आहे, तो त्याचा व्यवसाय आहे. रडवेल्या चाहत्याचा तो व्यवसाय नाही. त्याच्याकडून मला हवा आहे तो त्याचा मुद्दा. वेलांटी चुकली आणि अर्थ बदलला तर जरूर विचारावं, ‘तुम्हाला असं म्हणायचंय का?’ अर्थ बदलला नसेल तर ती वेलांटी तशीच राहू द्यावी आणि त्या डाव्या बाजूबद्दल बोलावं.

११ जुलै २०२१ च्या रात्री वेम्ब्लीवर इंग्लंड इटलीविरुद्ध युरोची अंतिम लढत शूटआउटमध्ये हरलं. रॅशफर्डचा चेंडू खांबाला लागला, सँचो आणि साका यांचे इटलीचा गोलरक्षक डोन्नारुम्मानं अडवले. साका तेव्हा १९ वर्षांचा होता, आणि निर्णायक पाचवी पेनल्टी त्याच्या वाट्याला आली होती. त्या रात्री या तिघा कृष्णवर्णीय खेळाडूंवर वंशद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. काल संध्याकाळपर्यंत जे ‘आपण’ होते ते ‘ते तिघे’ झाले. त्यात चुकीचं शुद्धलेखन पुष्कळ असेल, पण त्या रात्री कुणाला काही दुरुस्त करायचंच असेल तर त्यासाठी एकच शब्द होता, आणि तो दुरुस्त करणारेही होते : अनेकांनी जाहीरपणे लिहिलं की ही मुलं आपली आहेत, आपण हरलो.

तीन वर्षांनी, ६ जुलै २०२४ रोजी, युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंड स्वित्झर्लंडविरुद्ध एका गोलनं मागे होतं. ८० व्या मिनिटाला साकानं उजवीकडून आत येत, लांबून डाव्या पायानं चेंडू खांबाला लावून आत घातला. पुन्हा शूटआउट झालं. साका पुन्हा पेनल्टी मारायला आला आणि त्यानं गोल केला. त्याच्याबरोबर पामर, बेलिंगहॅम, टोनी आणि अलेक्झांडर-अर्नोल्ड यांनीही केले, पाचांपैकी पाच. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच वाक्य होतं, ‘आपण जिंकलो’. २०२१ मध्ये ज्यांनी ‘साकानं घालवली’ असं लिहिलं होतं, त्यांच्यापैकी कितीजणांनी या वेळी ‘साकानं जिंकून दिलं’ असं लिहिलं, ते मी शोधत होतो.